बोरिवलीला मी न दिलेला निरोप

इथे लोकांचे अनुभव वाचताना मला बहुतेक वेळा हसू येतं, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... वाजत असतील बुवा. माझा ह्या प्रकारावर काडीचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. माझा धंदाच मर्तिकाचं सामान पुरवण्याचा. बांबू, कामट्या, मडकी, सुतळी, पांढरं कापड, गवऱ्या, बुक्का ह्यांच्यात सगळी हयात गेली. भांडुप-मुलुंडकडच्या स्मशानांत मी सगळ्या वेळांना गेलोय. तिथे काय दिसलं म्हणाल तर कुत्री, पत्ते कुटणारी पोरं, आणि एकदा मोकळी जागा बघून स्कूटर शिकायला आलेले एक भटजी. भुतं दिसत असती तर दुकानाला टाळं लावून मी कधीच पिठाच्या गिरणीत कामाला लागलो असतो.

तरी एक गोष्ट आहे माझ्याकडे. बायको म्हणाली, लिहून टाक एकदा, म्हणजे दर गणपतीत पाहुण्यांना सांगणं तरी बंद होईल. म्हणून लिहितोय. रात्रीची नाही, अमावास्येची नाही — भांडुपला भर दुपारी, आख्ख्या चाळीदेखत घडलेली. ऐंशीच्या दशकातली म्हणा. नावं बदलली आहेत, कारण त्या घरची माणसं अजून तिथेच राहतात आणि बाजारात भेटतात.

दुकान माझ्या काकांचं. बापूकाका. मूळ मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर भांडुपला येऊन त्यांनी हे दुकान टाकलं. स्वभावाने तिरसट, नाकात कायम तपकीर, पण धंद्याच्या बाबतीत देवघरातल्यासारखं सोवळं. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला कामट्या तासायला शिकवलंच नाही, तोंड बंद ठेवायला शिकवलं. गिऱ्हाईक आलं की "काय झालं?" विचारायचं नाही. "पुरुष की बाई, आणि उंची साधारण किती?" एवढंच. गिऱ्हाईक निघालं की "या" म्हणायचं नाही. मी आधी कपड्याच्या दुकानात होतो, तिथे "परत या" हे जिभेवरच बसलेलं; ते उतरवायला मला महिना लागला. तिरडी आधीपासून बांधून ठेवायची नाही. बोलावणं आल्याशिवाय बांबूला कोयता लागता कामा नये. आमच्या पुढे एक दुकान होतं, त्याचा माणूस हॉस्पिटलच्या गेटवर उभा असायचा आणि वॉर्डबॉयला चहा पाजायचा. बापूकाका त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात.

ज्या घरी काम, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. निघताना "येतो" म्हणायचं नाही. हे तसं सगळ्यांनाच माहीत असतं, मर्तिकाच्या घरून कुणीच "येतो" म्हणत नाही, पण आमचं रोजच मर्तिक, त्यामुळे मी सासुरवाडीहूनसुद्धा तसाच गुपचूप निघायचो. सासूबाईंना वाटायचं जावई रुसला.

आणि एक नियम असा, की कुणाला निरोप द्यायला जायचं नाही. कळवणं हे घरच्यांचं काम. काकांनी सुरुवातीला कुठल्याशा घरी मदत म्हणून एका नातेवाइकाला जाऊन सांगितलं होतं. तो नेमका भावाशी कोर्टात भांडणारा निघाला आणि चितेसमोर हाणामारी झाली. तेव्हापासून काका म्हणायचे, आपण सामानाची माणसं, घर कुणाचं आणि माणूस कुणाचं ते आपण ठरवायचं नाही.

त्या दिवशी सकाळी मोहन परब दुकानात आला. मोहनला मी तोंडओळखीने ओळखायचो, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क होता, चाळीच्या गणपतीचा खजिनदारही. काकांनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. तो म्हणाला, "पुरुष. वडील. उंची... ह्याच्याएवढी," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मग तात्या गेले हे आम्हाला कळलं. तात्या परब भांडुपच्याच एका कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले होते.

त्यांचं घर टेंभीपाड्याच्या बाजूच्या बैठ्या चाळीत. पुढे सगळ्यांचं मिळून एक अंगण. सामान हातगाडीवर टाकून काका आणि मी पोचलो तेव्हा बायका आत तात्यांजवळ बसल्या होत्या, पुरुष बाहेर बाकड्यांवर. तात्यांचे धाकटे भाऊ पुण्याहून यायचे होते, त्यांच्यासाठी थांबायचं होतं. म्हणजे घाई नव्हती. बापूकाका मोहनबरोबर मृत्यूच्या दाखल्याचं बघायला आत-बाहेर करत होते, आणि मी अंगणाच्या कडेला बसून बांबू फोडायला घेतला.

तिथेच कोयता सटकला. डाव्या अंगठ्याला चांगलाच लागला, रक्त थांबेना. शेजारी तात्यांसाठीचं पांढरं कापड फाडून ठेवलं होतं, त्याची एक अरुंद पट्टी उरली होती. मी ती अंगठ्याला गुंडाळली आणि दातांनी गाठ मारली. आता हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, मग त्यात काय झालं? पण आमच्यात त्या कापडाचा धागासुद्धा जिवंत माणसाच्या अंगाला लावत नाहीत. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण रक्त वाहत असताना नियम आठवत नाहीत, चिंधी दिसते.

थोड्या वेळाने तात्यांची बायको उंबऱ्याशी आली. तिला राणेकाकूंनी, म्हणजे शेजारणीने, दंडाला धरलं होतं. बाई रडून रडून कोरडी झाली होती. मला हाताने बोलावलं.

"रे झिला, हय ये. एक काम करशीत?"

मी जवळ गेलो. ती अगदी हळू बोलायला लागली, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"माज्या सुलभाक कोणी कळवूक नाय. तिका सांगूक व्हया रे. बापाशीचा तोंड तरी बघूक दे तिका."

सुलभा म्हणजे मोहनची धाकटी बहीण. तिने एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं होतं, आणि तात्यांनी तिचं नाव टाकलं होतं. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा मलाही उडत उडत माहीत होतं.

"कुठे असते ती?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"बोरिवलीक. खय ता माका धड म्हायत नाय. माका कोणी न्हेलाच नाय कधी."

मला फार वाईट वाटलं. माझी आईपण असंच मालवणी बोलायची. पण मी म्हणालो, "आजी, हे मोहनदादांनी ठरवायचं. आम्हाला जाता येत नाही." राणेकाकू तिला आत घेऊन गेल्या.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. तपकिरीची चिमूट ओढली, आणि सरळ मोहनकडे गेले. नियमात बसणारा एक प्रश्न आमच्याकडे असतो, तो त्यांनी विचारला.

"मोहनराव, घरचं आणखी कोणी यायचंय का?"

"पुण्याचे काका. बस."

"आणखी कोणी?"

मोहनने त्यांच्याकडे बघितलं. त्याला कळलं. "आणखी कोणी नाही," तो म्हणाला. "तात्यांनीच सांगून ठेवलेलं, ती नको म्हणून. मी माझ्या मनाचं काही करत नाहीये."

काका परत आले आणि मला म्हणाले, "झालं. आता तुझं काम कर."

मी काम केलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या सगळ्याचा त्याच्याशीच संबंध आहे. सकाळी त्या अंगणात बसलो, तो तिरडी उचलायची वेळ होईपर्यंत मी तिथून हललो नाही. बाथरूमलासुद्धा गेलो नाही. दोन लांब बांबू, मधे कामट्या, प्रत्येक कामटीला सुतळीचा वेढा... अंगठा दुखत होता म्हणून हात सावकाश चालत होता. राणेकाकूंनी एकदा पाणी विचारलं, मग पुन्हा विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. ऊन डोक्यावर होतं. मला चक्कर आली नाही, झोप लागली नाही, डोळ्यांसमोर काही आलं नाही. डोक्यात मात्र ती बाई होती. बोरिवली किती मोठी, तिथे एक सुलभा कशी शोधणार, हा विचार मी करत होतो, कारण हात चालू असले की डोकं रिकामं असतं. त्यापलीकडे काहीही नाही.

पुण्याचे काका आले. तात्यांना आंघोळ घातली, बाहेर आणून तिरडीवर ठेवलं, नातेवाइकांनी पाणी घातलं, हार घातले. बापूकाकांनी मोहनला विचारलं, "बांधू?" घरच्याने "बांधा" म्हटल्याशिवाय आम्ही गाठ मारत नाही. मोहन म्हणाला, "बांधा." आम्ही बांधलं. आता चारजण पुढे होणार, एवढ्यात चाळीच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

तिच्यातून एक बाई उतरली. घरातल्याच साडीवर, केस कसेबसे बांधलेले. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण चाळीतल्या बायकांत जी कुजबुज झाली त्यावरून कळलं. ती कुणाकडे न बघता चालत आली. मोहन आडवा आला.

"तुला कोणी सांगितलं?"

"बाजूला हो, दादा."

"आधी सांग, कोणी सांगितलं. आईने कुणाला पाठवलं?"

तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. अगदी सहज, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

"ह्यांनी," ती म्हणाली. "हे आले होते ना घरी."

मला आधी कळलंच नाही की ती माझ्याबद्दल बोलतेय. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मोहनने माझी कॉलर धरली. "साल्या, तुम्ही सामान द्यायला येता की चुगल्या करायला? आख्ख्या भांडुपात सांगेन मी. उद्यापासून कोण तुमच्या दुकानात पाय ठेवतं बघतो." मी "अहो, मी... अहो, मी इथेच..." एवढंच म्हणत राहिलो. आणि खरं सांगू का, मोहनपेक्षा मला काकांची भीती वाटत होती. त्यांनी एका माणसाला ह्याच कारणासाठी घरी बसवलं होतं, आणि तो त्यांचा सख्खा मेहुणा होता. मी पुतण्या आहे म्हणून ते मला सोडणार नव्हते.

मला वाचवलं राणेकाकूंनी.

"काय बोलतोस मोहन?" त्या मधे पडल्या. "हा माणूस इथून हललेलाच नाही. सकाळपासून माझ्या दारासमोर बसलाय. दोनदा पाणी विचारलं मी त्याला."

बाकड्यांवरच्या दोघातिघांनीही तेच सांगितलं. एकजण म्हणाला, "अरे, माझ्याच पायाशी बसून बांधत होता तो."

मोहन बहिणीकडे वळला. "किती वाजता आला हा?"

"बाराच्या सुमाराला. मी कुकर लावत होते."

"हा तेव्हा इथे होता, सुलू. सगळ्यांसमोर."

"मी कशाला खोटं बोलू? हेच होते." ती चिडली नव्हती, तिला फक्त पुढे जायचं होतं. "दारात उभे राहिले. मी आत या म्हटलं, नाही आले. पाणी देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. म्हणाले, 'भांडुपला चला. तात्या थांबलेत.' आणि वळून चालायला लागले. 'येतो' म्हणाले नाहीत, दादा. तेव्हाच मला काय ते कळलं. मी दाराला कडी घातली आणि निघाले." मग तिने माझ्या हाताकडे बघितलं. "अंगठ्याला ही चिंधी होती. मी विचारलंपण, काय लागलं म्हणून."

सगळ्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मीही बघितलं. सकाळी घरातून निघताना माझा अंगठा धड होता. चिंधी तात्यांच्या अंगणात बांधलेली होती.

मोहनने माझी कॉलर सोडली. पण बहिणीच्या वाटेतून तो हलला नाही. म्हणाला, "ठीक आहे. आलीस ना? तिथून नमस्कार कर. आता बांधून झालंय. चला, उचला रे."

ह्यावर बापूकाकांनी जे केलं ते मी त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकदाच बघितलं. बांधलेली तिरडी सोडत नाहीत. आमच्यात ते फार वाईट समजतात. काका तिरडीच्या डोक्याकडे जाऊन उकिडवे बसले.

"मोहनराव, मी तुम्हाला दोनदा विचारलं, घरचं आणखी कोणी यायचंय का."

"मग? मी नाही म्हणालो."

"यायचं नव्हतं. पण आलं. घरचं माणूस दारात असताना मी तोंड झाकून पाठवत नाही."

"घरचं कोण ते आम्ही ठरवणार ना? तुम्ही सामानवाले."

"तेच म्हणतोय. खांदा तुमचा. बांधणं-सोडणं माझं काम." आणि त्यांनी गळ्याजवळची गाठ सोडायला घेतली. काकांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. मोहनने अडवलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही. पण उंबऱ्यातून त्याची आई बाहेर आली, मोहनच्या दंडावर नुसता हात ठेवला, आणि तो बाजूला झाला.

सुलभाने वडिलांच्या तोंडात पाणी घातलं. ती रडली नाही. "तात्या, मी आले," एवढंच म्हणाली, बराच वेळ त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली, आणि मग आपणहून उठली. काकांनी पुन्हा गाठ मारली. ह्या वेळी त्यांनी "बांधू?" असं मोहनला विचारलं नाही, तिला विचारलं. मोहनने ते ऐकलं आणि मान फिरवली.

स्मशानात काकांनी मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं आता माझी वाट लागली. पण ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

"हे कापड कुठलं?"

मी सांगितलं.

"तरीच," ते म्हणाले. "त्याचं कापड तू अंगाला लावलंस. त्याला जायचं होतं, तुझे पाय घेतले त्याने. सोड ती."

मी चिंधी सोडली. ती त्यांनी मलाच चितेवर टाकायला लावली. अंगठा पुन्हा वाहायला लागला, तो मी खिशातल्या रुमालात धरला. त्यानंतर काकांनी ह्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, आणि मला घरीही बसवलं नाही.

काकांचं हे म्हणणं मला पटलेलं नाही, आजही. एक तर तात्यांनीच मुलीचं नाव टाकलं होतं, ते कशाला बोलवायला जातील? ह्यावर बायको म्हणते, तुला बापांबद्दल काही कळत नाही. असेल. मी माझ्या परीने चौकशी केली. राणेकाकूंना विचारलं, चाळीतल्या दोघातिघांना विचारलं, कुणी माणूस पाठवला होता का. कुणी नाही. कुणाला पत्ताच माहीत नव्हता. माझ्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल असं एका मित्राचं म्हणणं. मुंबईत माझ्यासारखे छप्पन्न असतील, चेहरा काही विशेष नाही माझा. पण त्या छप्पन्नांतल्या एकाने त्याच दिवशी डावा अंगठा कापून घ्यावा, त्याला पांढरी चिंधी बांधावी, आणि बोरिवलीला जाऊन पाणीही न घेता तात्यांचं नाव सांगावं? चला, योगायोग म्हणू. मी बरीच वर्षं तसंच म्हणत होतो.

मग काही वर्षांनी एका सकाळी मोहन पुन्हा दुकानात आला. दुकान तोवर मी बघत होतो. काका गुडघ्यांमुळे घरीच असत. मोहनचे केस पांढरे झाले होते. त्या दिवसानंतर तो बाजारात समोर आला तरी माझ्याशी बोलत नसे. मी नेहमीसारखं विचारलं, "पुरुष की बाई?"

"आई," तो म्हणाला. मी उंची विचारणार, तर त्याने हात वर केला. "सामानाचं नंतर. आधी तुम्ही बोरिवलीला जाल का? सुलूला कळवायला."

मी म्हणालो, "मोहनराव, आम्ही कळवायला जात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मला जायचंय, पण मला जमत नाहीये. मी तिच्या दारात कधी गेलो नाही. काय तोंडाने जाऊ?" त्याने एका चिठोऱ्यावर पत्ता लिहिलेला होता. "तुम्ही गेलात तर ती येईल. तुम्ही आधी... तुम्हाला ती ओळखते."

मी काकांना विचारायला गेलो नाही. गडी बांबू घेऊन मोहनच्या घरी पाठवला, दुकान बंद केलं आणि रिक्षात बसलो. पवई, आरेचा रस्ता, मग हायवे. सगळ्या वाटेत मी एकच बघत होतो, काही ओळखीचं वाटतंय का. काही वाटलं नाही. बोरिवलीत चर्चच्या मागे तिची चाळ होती. तीही मला दोनदा विचारून सापडली. जिना, गॅलरी, दारापुढच्या कुंड्या, सगळं नवं. मी तिथे आधी कधीही गेलो नव्हतो, हे आज मी शपथेवर सांगू शकतो.

गॅलरीत एक म्हातारी आंटी लसूण सोलत बसली होती. मी पत्त्याचा चिठोरा पुढे केला. तिने तो बघितलाच नाही, माझ्याकडे बघितलं.

"सुलभा का घर वो ही है, तुमको मालूम नहीं क्या? पहले आया था ना तुम," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आज चप्पल पहना है. उस दिन तो नंगा पैर आया था. इतना धूप में."

तिरडी बांधताना आम्ही चपला काढतो. त्या दिवशी माझ्या चपला तात्यांच्या अंगणात भिंतीशी होत्या. हे त्या आंटीला कोण सांगणार?

मी दाराची कडी वाजवली. सुलभाने दार उघडलं. मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला, आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आई?"

मी मान हलवली.

ती रडली नाही. आत जाऊन तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. पदर खोचत परत आली, कुलूप हातात घेतलं, आणि मग थांबली.

"ह्या वेळी तुम्हाला कोणी पाठवलं?"

"तुमच्या दादाने," मी म्हणालो.

तशी ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदर धरून रडायला लागली. आंटी लसणाचं ताट बाजूला ठेवून तिच्याजवळ आली. मी बाजूला उभा राहिलो.

मग आम्ही एकाच रिक्षाने भांडुपला आलो. सगळ्या वाटेत ती दादाबद्दल विचारत होती, तो कसा दिसतो, त्याचं बी.पी. आहे का, आईजवळ शेवटी कोण होतं. पहिल्या वेळी मला कोणी पाठवलं होतं, हे तिने विचारलं नाही. चाळीच्या तोंडाशी मोहन उभा होता. रिक्षा थांबायच्या आधीच त्याने एका हाताने रिक्षाची दांडी धरून बहिणीला उतरवून घेतलं.